स्वतंत्रपूरचा राजा

दौंडवरून वाहणारी भीमा पंढरपूर ओलांडून पुढे जाते, तेव्हा तिला माणगंगा येऊन मिळते. या माणगंगेचा मुलूख दुष्काळी. पाऊस थोडा, माळ फार. तेथील आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. आता ती सांगली जिल्ह्यात आहे. याच माळावर भिंती नसलेला एक तुरुंग उभा राहिला. तो उभारू देणारे राजे म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ साली झाला. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर बसले. ते उत्तम चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे तर कट्टर पुरस्कर्ते होते. ते कीर्तनही करीत. कीर्तनास उभा राहणारा राजा विरळाच! १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली.

मात्र राज्य प्रजेचे झाले, तरी तुरुंगातील माणसे ही प्रजाच नव्हे काय? बंद कोठडीत शरीर जगते, पण मन खंगत जाते. दिवस सरत नाही, रात्री झोप येत नाही, घरच्यांची आठवण आतल्या आत पोखरते. पहारेकऱ्याची स्थिती तरी फारशी वेगळी कोठे असते? रात्रंदिवस किल्ल्या सांभाळायच्या आणि प्रत्येकाकडे संशयाने पाहायचे. या संशयाचे ओझे त्याच्याही मनावर साचत जाते. कुलूप एकच, पण त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे अडकलेली असतात.

बाळासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब यांच्याबरोबर मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलिश अभियंते औंधास आले होते. कैद्यांना उघड्यावर ठेवून शेती करू द्यावी, असे त्यांनी सुचविले. हे कैदी भुरटे चोर नव्हते. खुनासारख्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारे त्यांत होते. ते पळून गेले असते, तर दोष राजाच्याच माथी आला असता. तरीही बाळासाहेबांनी संमती दिली. १९३९ साली आटपाडीजवळ वसाहत वसली आणि तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वसाहतीला असे नाव देण्यास छातीच लागते.

तेथे कैदी जमीन कसू लागले. तट नव्हता, कोठडी नव्हती. बायकामुलांना जवळ ठेवून राहण्याची मोकळीकही या वसाहतीत मिळाली. हातांना काम असले आणि संध्याकाळी परतायला घर असले, म्हणजे दिवसाला आकार येतो. पेरलेले पीक सोडून शेतकरी सहसा पळत नाही, ही साधी गोष्ट तटबंदीवर विसंबणाऱ्यांना उमगली नव्हती.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेब वारले. स्वतंत्रपूर मात्र राहिले. औंध संस्थानातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. माणदेशच्या माळावरील कैद्यांची गोष्ट अशी सातासमुद्रापार पोहोचली. इकडे स्वतंत्रपुरात पेरणी-काढणी चालूच राहिली.