विश्लेषण : बागेलाच वर्ग मानणारे पॅट्रिक गेडीस कोण होते? इंदूर, मुंबई आणि मराठवाड्याशी त्यांचे नाते काय?

बोरी (जि. परभणी) : शालेय पोषण आहाराला जोड म्हणून शाळेच्या आवारात परसबाग फुलवावी, असे सरकारी धोरण आहे. मेथी, पालक, शेवगा, वांगी लावायची आणि तीच भाजी मुलांच्या ताटात वाढायची, अशी ही कल्पना. जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावात शेती मुलांना नवी नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. या वाफ्याचा उपयोग खिचडीत भाजी घालण्यापुरताच आहे, की विज्ञानाचा, भूगोलाचा, गणिताचा तासही तिथे होऊ शकतो? शंभर वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आयुष्य घालवले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडीस.

गेडीस कोण होते?

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ शहराबाहेरच्या घरात गेले आणि वडिलांसोबत बागेत काम करतानाच त्यांना वनस्पतींची गोडी लागली. काही काळ त्यांनी बँकेत नोकरी केली. वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी एडिनबरा विद्यापीठात प्रवेश घेतला, पण आठवडाभरातच ते बाहेर पडले. पुढे लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्याकडे ते जीवशास्त्र शिकले. मात्र पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

१८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले. तिथे डोळ्यांना आजार झाला आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावरचे संशोधन पुढे पूर्वीसारखे जमणार नव्हते. अंधारात कागदाच्या घड्या चाचपत त्यांनी विचारांची मांडणी चौकटींत करण्याची पद्धत शोधली आणि ती आयुष्यभर वापरली. दृष्टी सुधारली, पण अभ्यासाचा विषय हळूहळू बदलला. पेशीकडून ते झाडाकडे, झाडाकडून परिसराकडे आणि परिसराकडून शहराकडे वळले.

डंडीची बाग वेगळी कशी होती?

१८८८ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला. ते पद मिळाले नाही. त्याच वर्षी डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले. अट अशी होती, की वर्षातून फक्त उन्हाळ्याचे सत्र शिकवायचे. उरलेला वेळ त्यांना इतर कामांसाठी मिळाला. हे पद त्यांनी १९१९ पर्यंत सांभाळले.

कॉलेजच्या आवारात त्यांनी शिकवण्यासाठी बाग उभी केली. शोभेपेक्षा अभ्यासाला तिथे महत्त्व होते. पुस्तकातील चित्र पाहून झाडाचे भाग पाठ करण्याऐवजी विद्यार्थ्याने झाड उगवताना, फुलताना आणि वाळताना पाहावे, हा आग्रह होता. आधी मन, मग हात आणि शेवटी डोके, असा शिक्षणाचा क्रम ते मांडत. म्हणजे प्रथम आवड निर्माण व्हावी, नंतर काम करावे आणि त्यातून सिद्धान्त समजावा. त्या काळच्या शाळांत हा क्रम उलटा होता.

आज डंडी विद्यापीठाच्या जुन्या आवारातील एका चौकाला गेडीस यांचे नाव आहे. विद्यापीठाचे सध्याचे वनस्पती उद्यान मात्र त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७१ मध्ये सुरू झाले.

गल्लीबोळांत बागा कशासाठी?

१८८६ मध्ये अॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दाम्पत्य एडिनबराच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहायला गेले. पडक्या इमारती दुरुस्त करणे, भिंती रंगवणे आणि मोकळ्या कोपऱ्यांत बागा करणे, ही कामे त्यांनी शेजाऱ्यांना सोबत घेऊन केली. पुढे त्यांची मुलगी नोरा हिने या बागांच्या कामात पुढाकार घेतला. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायचे वसतिगृह आणि सर्वसामान्यांसाठी उन्हाळी अभ्यासवर्ग हेही त्यांचेच उपक्रम. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. वरच्या मजल्यावरून शहर पाहायचे आणि एकेक मजला उतरत शहर, देश आणि जग समजून घ्यायचे, अशी तिथली मांडणी होती.

भारतात ते कसे आले?

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडीस १९१४ मध्ये भारतात आले. नगररचनेचे प्रदर्शन वेगळ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध पेटले होते आणि एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. सहकाऱ्यांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरले.

नंतरच्या काळात त्यांनी अनेक भारतीय शहरांचे अहवाल लिहिले. रुंद रस्त्यासाठी सरसकट घरे पाडण्याला त्यांचा विरोध होता. आवश्यक तेवढेच काढावे आणि बाकीचे राखावे, ही त्यांची पद्धत माळ्याच्या छाटणीसारखी होती. हिवतापाच्या भीतीने गावतळी बुजवली जात असताना, तळी स्वच्छ करून त्यांत मासे आणि बदके सोडावीत, असे ते सुचवत.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण ठरले. एप्रिलमध्ये मुलगा अॅलस्डेर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. अॅना तेव्हा भारतातच आजारी होत्या. पत्नीला धक्का बसू नये म्हणून गेडीस यांनी ही बातमी त्यांच्यापासून लपवली. जूनमध्ये कोलकात्यात त्यांचेही निधन झाले.

इंदूरच्या दिवाळीत काय घडले?

त्यानंतर काही महिन्यांतच गेडीस होळकरांच्या इंदूरमध्ये काम करत होते. शहरात प्लेग आणि हिवतापाचे संकट होते. नकाशे घेऊन फिरणारा गोरा साहेब घरे पाडायला आला आहे, असा लोकांचा संशय होता. गेडीस यांनी एका दिवसापुरते आपल्याला महाराज करावे, अशी विनंती दरबाराकडे केली आणि ती मान्य झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यांवर सर्वाधिक घरे साफ आणि दुरुस्त होतील तिथूनच जाईल, अशी घोषणा झाली. लोक कामाला लागले. मिरवणुकीत पिके आणि बैल होते, लक्ष्मी होती, उंदीर आणि डास यांच्या प्रतिमा होत्या. सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून चालत होते. त्या काळात हा मान साधा नव्हता. घाणीचा राक्षस जाळण्यात आला आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. घरोघरी अंगणात राहील, अशी ही बाग होती. इंदूरचा त्यांचा सविस्तर अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबई विद्यापीठात त्यांनी काय केले?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला. गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक होते. वनस्पती ओळखायची तर ती जिथे उगवते तिथे जावे लागते. समाजाचेही तसेच आहे, ही त्यांची भूमिका होती. संस्कृत शिकलेले, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनी परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवडले. १९२४ मध्ये घुर्ये यांच्याकडे विभागाची सूत्रे आली आणि पुढे ते भारतीय समाजशास्त्राचे आधारस्तंभ ठरले.

मराठवाड्याशी संबंध कसा?

तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या विस्तीर्ण आवाराची जागा ठरवताना गेडीस यांचा सल्ला घेण्यात आला होता. मराठवाड्यातील अनेक तरुण पुढे याच विद्यापीठात शिकले. १९१८ मध्येच परभणीत संस्थानाचे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले. त्याच्याशी गेडीस यांचा संबंध नव्हता, पण जमिनीवर प्रयोग करून शिकण्याची परंपरा जिल्ह्यात तिथून रुजली. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

टीका कोणती झाली?

गेडीस यांना अपयशही बरेच आले. त्यांचे अनेक अहवाल कागदावरच राहिले. ते हळू आवाजात बोलत, विषय सोडून भरकटत आणि त्यांचे हस्ताक्षर वाचणे अवघड असे. इतर कामांसाठी ते मुंबईबाहेर बराच काळ असत. घुर्ये यांच्या काळात विभागाचा भर जात, संस्कृती आणि मानववंशशास्त्राकडे गेला आणि शहर पाहण्याची गेडीस यांची पद्धत मागे पडली. १९२४ मध्ये ते फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तिथेही त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवास आणि बाग उभारली. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?

परसबागेत गेडीस यांची पद्धत वापरता येते. वाफ्याची लांबी-रुंदी मोजली की क्षेत्रफळ शिकता येते. पानावरची अळी पाहिली की कीटकाचे जीवनचक्र समजते. पाऊस मोजून वहीत लिहिला की गावाच्या हवामानाची नोंद तयार होते. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शेतकरी पीक पाहायला जातात, तसे शाळेतील मुलांनाही वर्षातून एकदा नेता येईल. मात्र बागेची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकली, तर उन्हाळ्याच्या सुटीत ती वाळणारच. एडिनबराच्या गल्लीत बागा टिकल्या त्या शेजाऱ्यांनी पाणी घातले म्हणून. मे महिन्यात शाळेच्या वाफ्याला पाणी कोण घालणार, हे गावाने आधी ठरवायला हवे.