एकेक टाका : विल्यम केरी यांची जीवनकथा

मंडळीत एखादे मोठे काम निघाले की आपल्यापैकी पुष्कळांचे हातपाय गळतात. एवढा पैसा कोठून आणायचा, एवढे शिक्षण आपल्याजवळ कोठे आहे, असे म्हणून आपण कामाला हातच घालीत नाही. अशा वेळी ज्याने मराठीत नवा करार पहिल्याने छापून काढला, त्या चांभारकाम करणाऱ्या माणसाची आठवण करावी. जोडा एका टाक्याने शिवून होत नाही. टाक्यापुढे टाका घालावा लागतो. विल्यम केरी यांनी आपले सारे आयुष्य असेच शिवले.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील आधी विणकर व पुढे गावचे शाळामास्तर होते. विल्यमला उन्हात काम केले की कातडीचा विकार होई, म्हणून शेतीऐवजी त्याला जोडे शिवण्याच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. त्या दुकानात नव्या कराराच्या टीकेचे एक पुस्तक त्याच्या हाती लागले. त्यात मधूनमधून ग्रीक शब्द होते. ते त्याला वाचता येईनात. मग तो ती अक्षरे जशीच्या तशी कागदावर उतरवून घेई आणि गावी गेला म्हणजे ग्रीक जाणणाऱ्या एका विणकराकडून त्यांचा अर्थ समजून घेई. केरींच्या अफाट भाषाज्ञानाचा आरंभ असा कागदाच्या एका चिटोऱ्यावर झाला.

पुढे ते मोल्टन येथील लहानशा बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. पगार अपुरा असल्यामुळे ते शाळाही चालवीत व जोडेही शिवीत. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला जगाचा मोठा नकाशा लावला होता. कोणत्या देशाविषयी काही वाचले की तेथील लोकसंख्या, धर्म वगैरे माहिती ते त्या नकाशावर नोंदवीत. अशा नोंदींतूनच पुढे १७९२ साली त्यांचे मिशन कार्यावरील छोटे पुस्तक तयार झाले. त्याच वर्षी त्यांनी यशयाच्या ५४ व्या अध्यायावर प्रसिद्ध उपदेश केला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी एका विधवा बाईच्या घरी मागच्या खोलीत मूठभर पाळक जमले आणि मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशी वर्गणीची वचने मिळाली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची! एवढ्याशा रकमेवर हिंदुस्थानात कोणी कसे जावे? परंतु त्यांनी रकमेकडे पाहिले नाही. पुढचे पाऊल कोणते, एवढेच पाहिले.

१७९३ च्या नोव्हेंबरात केरी सहकुटुंब बंगालमध्ये उतरले. येथून पुढचा भाग उपदेशात आपण बहुधा वगळतो, पण तो सांगितलाच पाहिजे. त्यांची पत्नी डॉरथी यायला तयार नव्हती. अगदी शेवटच्या घटकेला तिचे मन वळविण्यात आले. नव्या देशात पैशाची ओढाताण आणि सततचे आजारपण तिच्या वाट्याला आले. १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर डॉरथीचे मन जे बिघडले ते १८०७ साली तिच्या मृत्यूपर्यंत सुधारले नाही. एका खोलीत भाषांतर चाले व शेजारच्या खोलीत ती माउली भ्रमाने ओरडत असे. ती स्वखुशीने या देशात आली नव्हती, आणि या कार्याची किंमत तिनेही भरली. घरच्या माणसाचे दुःख वेळीच ओळखणे हेही एक लहान पाऊल आहे. ते मोठ्या कार्याच्या नादात राहून जाऊ नये. थोर माणसाच्या चरित्रातून आपण हाही धडा घ्यावा.

पोटासाठी केरींनी मदनावती येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली आणि उरलेल्या वेळात बंगाली शिकून भाषांतर चालू ठेवले. १८०० च्या जानेवारीत ते सेरामपूरला आले. हे आपल्याकडील श्रीरामपूर नव्हे. हे कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी आहे व तेथे त्या काळी डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. तेथे मार्शमन व वॉर्ड हे दोन जिवलग सोबती त्यांना मिळाले. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून सात वर्षांनी हे पहिले फळ! आपल्या शब्बाथ शाळेत सात महिन्यांत मुले वाढली नाहीत तर आपण वर्ग बंद करावा म्हणतो.

१८०१ साली बंगाली नवा करार छापून झाला आणि त्याच वर्षी केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिक्षक झाले. पुढे ते तेथे मराठीही शिकवू लागले. १८०६ सालच्या त्यांच्या एका दिवसाची हकिगत उपलब्ध आहे. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू शास्त्राचा एक अध्याय व खाजगी प्रार्थना, नोकरमाणसांसह बंगालीत कौटुंबिक उपासना, चहा होईपर्यंत मुनशीजवळ फारसी, न्याहारीनंतर पंडिताबरोबर रामायणाचे भाषांतर, मग कॉलेज, दुपारी छपाईची मुद्रिते तपासणे, नंतर मत्तयाच्या शुभवर्तमानाचे संस्कृत भाषांतर, संध्याकाळी तेलुगू, रात्री उपदेश, त्यानंतर पुन्हा भाषांतर, आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय. यातले कोणतेही एक काम अचाट नाही. अचाट आहे ते रोज करणे.

याच क्रमाने १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले. १८१० साली मोडी अक्षरांत मराठी कोश आला आणि १८११ साली मराठी नवा करार. वैजनाथ नावाचे पंडित या कामी त्यांचा उजवा हात होते. ती मराठी आपल्या इकडच्या लोकांना अवघड वाटली, म्हणून मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा नव्याने भाषांतर केले. म्हणून केरींचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. पहिल्या पायरीवर कोणी तरी उभे राहिल्याशिवाय दुसरी बांधता येत नाही.

खरी कसोटी ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी लागली. सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचे ढीग, अनेक भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षांच्या कष्टाची हस्तलिखिते जळून खाक झाली. केरी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी राख पाहिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. परंतु छापण्याची यंत्रे व खिळे पाडण्याचे साचे वाचले होते. वितळलेल्या धातूचे गोळे गोळा करून पुन्हा खिळे ओतण्यास आरंभ झाला. गेलेली पाने केरी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहू लागले.

१८१८ साली सेरामपूर कॉलेज उघडले तेव्हा विद्यार्थी होते फक्त ३७. १८२९ साली सतीची चाल बंद करणारा कायदा झाला, त्याचे बंगाली भाषांतर केरींनीच केले. ४१ वर्षांत एकदाही मायदेशी न जाता ९ जून १८३४ रोजी ते सेरामपूर येथे प्रभूमध्ये निजले. तोवर तेथून सुमारे चाळीस भाषांत शास्त्र अथवा त्याचा काही भाग बाहेर पडला होता. आपल्या अंगी बुद्धीचे तेज नाही, फक्त चिकाटी आहे, असे ते स्वतःविषयी मानीत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात पाचच मुले असतील. त्यांपैकी एकाला या आठवड्यात एक वचन नीट समजावून द्या आणि जो दोन रविवार आला नाही त्याच्या घरी जाऊन या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करा. मोहरीचा दाणा पेरणे आपल्या हाती आहे. त्याचे झाड करणे प्रभूच्या हाती आहे.