थिबा राजाची थोरली कन्या

रत्नागिरीस गेलेला प्रवासी थिबा राजाचा राजवाडा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. आपल्या गोव्याच्या उत्तरेस, याच कोकणकिनाऱ्यावर, ब्रह्मदेशाच्या अखेरच्या राजास इंग्रजांनी ३० वर्षे नजरकैदेत ठेवले होते. राजाची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. त्याच्या थोरल्या कन्येची, फयागीची, मात्र तितकीशी नसते.

तिचा जन्म १८८० साली मंडालेच्या राजवाड्यात झाला. ती पाच वर्षांची असताना, नोव्हेंबर १८८५ मध्ये, इंग्रजी फौजेने मंडाले घेतले आणि राजा थिबा, राणी सुपयालत व मुली यांस प्रथम मद्रासेस व एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. पुढे रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेत जन्मलेली ही राजकन्या त्या वेळी रत्नागिरीत दिवस कंठीत होती!

राजाच्या चारही कन्या येथेच वाढल्या. रीतसर शाळा त्यांच्या नशिबी आली नाही. परंतु चाकरमाणसांच्या सहवासात त्या मराठी बोलू लागल्या. तनखा पुरेना म्हणून राजाने बरोबर आणलेली रत्ने एकामागून एक विकली. मुली उपवर झाल्या, तेव्हा वर राजवंशातीलच हवा असा राजाचा हट्ट. आणि असा वर परमुलखात मिळावा कोठून? अशी वर्षे लोटली. राजाच्या पदरी गोपाळ सावंत नावाचा दरवान होता. तो विवाहित होता, तरी फयागीचे मन त्याच्यावर जडले आणि १९०६ साली तिला कन्या झाली. तिचे नाव टूटू. राजघराण्यास हा आघात केवढा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. १९१९ साली कुटुंबास ब्रह्मदेशी परतण्याची मुभा मिळाली. टूटूला घेऊन फयागीही रंगूनला गेली. पण तेथे न राहता ती गोपाळकडे रत्नागिरीस परत आली. पाचव्या वर्षी सुटलेला देश तिला आपला वाटावा तरी कसा? तिचे उरलेले आयुष्य दारिद्र्यात गेले. १९४७ साली ती रत्नागिरीतच निवर्तली. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तो पुढील जानेवारीत.

टूटू पुढे रत्नागिरीतच राहिली, तेथेच तिचा संसार झाला आणि २००० साली तेथेच तिने देह ठेवला. मंडालेच्या राजाच्या या नातीच्या घरची भाषा मराठी होती.