विश्लेषण : ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी २० वर्षे फोटोग्राफी... दादासाहेब फाळके कॅमेरा कुठे शिकले?

मोबाइलमधील ‘टाइमलॅप्स’ सुरू केला की कळीचे फूल होताना काही सेकंदांत दिसते. १९१२ मध्ये दादरच्या एका घरात असेच दृश्य हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर टिपले गेले. कुंडीत वाटाण्याचा दाणा होता आणि कॅमेऱ्यामागे धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांना सगळेच ओळखतात. मात्र त्याआधी सुमारे २० वर्षे ते फोटोग्राफर, ब्लॉकमेकर आणि मुद्रक होते. चित्रपटासाठी लागणारे बहुतेक तंत्र त्यांना याच कामातून मिळाले. कसे, ते पाहू.

कॅमेऱ्याशी ओळख कशी झाली?

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, मूर्तिकाम आणि वास्तुकला शिकले. फोटोग्राफीचा नाद लागला तोही बडोद्यातच. कलाभवनचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांच्यातील कसब हेरले आणि ब्लॉकमेकिंग शिकण्यासाठी त्यांना रतलामला धाडले. परतल्यावर कलाभवनचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरण्याची मुभाही दिली.

फोटो स्टुडिओ का चालला नाही?

१८९५ च्या सुमारास फाळके यांनी गोध्रा येथे व्यावसायिक फोटोग्राफी सुरू केली. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. ते बडोद्याला परतले, पण तिथेही धंदा बसेना. कॅमेरा माणसातील शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य घटते, असा समज लोकांत होता. मग त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोगही केले. हीच हातचलाखी पुढे पडद्यावरील चमत्कारांत कामी आली. १९०३ मध्ये पुरातत्त्व विभागात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. मात्र स्वदेशीच्या चळवळीने जोर धरताच त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

ब्लॉकमेकिंग म्हणजे नेमके काय?

छपाईयंत्राला फिकट-गडद छटा कळत नाहीत. शाई लागते किंवा लागत नाही, एवढेच. म्हणून बारीक जाळीच्या काचेतून फोटो पुन्हा टिपून त्याचे ठिपके करायचे आणि ते धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे. गडद जागी ठिपके मोठे, फिकट जागी लहान. रंगीत चित्रासाठी एकाच चित्राचे तीन वेगवेगळ्या फिल्टरमधून तीन निगेटिव्ह काढायचे, त्यांचे तीन ब्लॉक करायचे आणि पिवळा, लाल व निळा रंग एकावर एक छापायचा. एक ब्लॉक केसभर सरकला तरी चित्र फसते. चित्रपटातही हाच नियम लागू होतो. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमच्या जागी बरोबर बसली नाही, तर पडद्यावर चित्र थरथरते. अचूक जुळणीची ही शिस्त फाळके यांच्या हाताला आधीच लागली होती.

लोणावळा, जर्मनी आणि निघोजे : काय संबंध?

फाळके यांनी छापखाना काढला तो लोणावळ्यात. निघोजेजवळून वाहणारी इंद्रायणी तिथल्याच डोंगरात उगम पावते. या छापखान्याने राजा रविवर्मा यांच्या प्रेससाठीही काम केले. पुढे तो दादरला हलला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. त्यानंतर शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, निघोजे परिसरात फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोटार कारखाना सुरू झाला. फाळके यांचे मात्र भागीदारांशी पटेना. चालता छापखाना सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

डोळ्यांवर काय बेतले?

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. अशीच आपली पौराणिक पात्रे पडद्यावर आणायची, हे तिथे ठरले. मग मिळतील तितके चित्रपट पाहणे आणि उरलेला वेळ प्रयोग करणे, असा क्रम सुरू झाला. झोप नाही, विश्रांती नाही. या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. ज्याचे पोट डोळ्यांवर चालते, त्याच्यासाठी हा धंद्याचाच शेवट होता. उपचार आणि चष्म्यांमुळे दिसू लागले, तसे ते पुन्हा कामाला लागले. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा मागवला.

वाटाण्याची फिल्म कशासाठी?

पैसे घालणाऱ्यांना खात्री पटवण्यासाठी. आजच्या भाषेत हा ‘डेमो’ होता. कॅमेरा एका जागी ठेवून महिनाभराहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने फ्रेम घेतल्या. त्या काळी सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली.

घरात काय बदलले?

घरच प्रयोगशाळा झाले. कच्च्या फिल्मला कडेची भोके नसत, ती अंधारात पाडावी लागत. हे काम त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करत. रसायने कालवणे, चित्रीकरणात उन्हाचा प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. त्यांचे दागिनेही या चित्रपटासाठी गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढच्या ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांतही ट्रिक फोटोग्राफीची करामत होती.

शेवट कसा झाला?

बोलपट आले आणि मूकपटांचा काळ सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी सुरू झाला. त्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले आहेत.