'सेल्फ'चा बाप : चार्ल्स केटरिंग

पावसाळ्यात उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर एक सीन हमखास दिसतो. एखादे काका चावी फिरवतात, गाडी नुसती कट्-कट् करते. डॅशबोर्डचे दिवे मात्र मस्त लागलेले! मग दोघं-तिघं मागून धक्का देतात, सेकंड गिअरमध्ये क्लच सुटतो आणि गाडी चालू. निदान ठरलेलं, बॅटरी डाऊन. दिवे लागतात तर सेल्फ का लागत नाही, हे समजायला या 'सेल्फ'चा बाप कोण ते बघावं लागतं.

चार्ल्स केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. डोळे लहानपणापासून कमजोर, वाचलं की डोकं दुखायचं. आधी शाळेत मास्तरकी केली, मग इंजिनिअरिंगला गेला, तर डोळ्यांमुळे कॉलेज सोडावं लागलं. मग काय, टेलिफोनचे खांब पुरायला खड्डे खणले! पण गडी परत आला आणि १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली. आपल्याकडे एक इयर डाऊन झालं तरी अख्खी गल्ली चौकशी करते.

नोकरी लागली ती डेटन गावच्या कॅश रजिस्टरच्या कंपनीत. तेव्हा दुकानदाराला गल्ल्याच्या मशीनचं हँडल फिरवावं लागायचं. केटरिंगने तिथे छोटी मोटर बसवली. मशीनला जोर फक्त क्षणभर लागतो, त्यामुळे मोटर तेवढ्यापुरती ओव्हरलोड झाली तरी चालते, हे त्याने ओळखलं.

त्या काळी गाडीलाही हँडलच होतं. इंजिन उलटं फिरलं की हँडलचा फटका बसून हात मोडायचे. इंजिन फिरवेल अशी मोटर इंजिनाएवढीच अवजड होईल, असं तेव्हाच्या जाणकारांचं मत. केटरिंगने १९०९ला एडवर्ड डीड्सबरोबर डेल्को कंपनी काढली, डीड्सच्या घरामागच्या कोठारात काम सुरू केलं आणि गल्ल्याचीच युक्ती वापरली. १९१२च्या कॅडिलॅक मॉडेलला सेल्फ आला. इंजिन चालू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची.

म्हणजे सेल्फची मोटर मुळातच थोडा वेळ ओव्हरलोड व्हायला बनवलेली आहे. ती शंभर-दोनशे अँपिअर ओढते, डॅशबोर्डच्या दिव्यांना त्यापुढे चिमूटभर पुरतो. कमजोर बॅटरी दिवे लावते, पण सेल्फ मारला की तिचं व्होल्टेज कोसळतं. म्हणून पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये थांबावं, नाहीतर मोटरही जळेल. आधी हेडलाईट, एसी बंद. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर साफ करून घट्ट आवळावं. कित्येकदा एवढ्यावरच काम भागतं. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावताना प्लसला प्लस. मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक सगळ्यात शेवटी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर भडका. आणि ऑटोमॅटिक गाडीला धक्का देऊन उपयोग नाही!

केटरिंग पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला, १९४७पर्यंत. त्याच्या हाताखाली थॉमस मिजलीने १९२१ला इंजिनचं नॉकिंग थांबवणारं शिशाचं रसायन शोधलं. १९२४ला न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवताना पाच कामगार विषबाधेने मेले. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. तरी ते पेट्रोल विकायला काढलेल्या कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच होता. मला हा माणूस आवडतो, पण हे काही पचत नाही. बॅटरीतलं शिसं निदान डब्यात बंद असतं, हे धुरातून सगळ्यांच्या फुप्फुसात गेलं.

१९४५ला न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची स्लोन-केटरिंग संस्था उभी राहिली, त्यातही त्याचं नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ला तो वारला. भारतात शिशाचं पेट्रोल २०००मध्ये बंद झालं; जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१मध्ये.