लाल बावट्याच्या कलापथकाचा इतिहास

अण्णा भाऊ साठे यांचे नाव रस्त्यांना, शासकीय महामंडळाला आणि टपाल तिकिटालाही लाभले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्या लाल बावटा कलापथकाने त्यांना कामगारांच्या वस्त्यांत नेले, त्याची हकीकत मात्र बहुधा चरित्रातील एका परिच्छेदात आटोपते. त्यामुळे खुद्द अण्णा भाऊही अर्धेच कळतात.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, एका मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम. शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असे सांगतात. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते त्या वर्षांत हे कुटुंब पायी मुंबईस आले. पुढे मजुरी, गिरणीतील नोकरी आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीशी परिचय, असा क्रम घडला.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी कलापथक उभारले. बार्शीच्या अमर शेखांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊंची लेखणी यांचा तो संयोग होता. तमाशाचा साचा त्यांनी टाकला नाही, आशय बदलला. आरंभीच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, कामकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आले. गवळणीला रजा मिळाली. सावकार, शेठजी आणि निवडणुकीतले उमेदवार वगात अवतरले. अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांतून नफा आणि मजुरी यांचा जो संबंध विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, तो निरक्षर प्रेक्षकाला हसता हसता उमगत असे.

साहजिकच सरकारची वक्रदृष्टी वळली. १९४८ नंतर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड झाली. तमाशावर आणि कलापथकावर निर्बंध आले. तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले, त्यामागे केवळ अभिरुची नव्हती. नाव बदलून रंगमंच टिकविण्याची निकडही होती. १९५५ नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच शाहीर पुन्हा आघाडीवर आले. 'माझी मैना' या छक्कडीत अण्णा भाऊंनी गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि सीमाभागाचा विरह एकत्र गुंफला. १ मे १९६० रोजी मुंबईसह राज्य मिळाले. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले. 'मुंबई कुणाची' हा त्यांच्या लोकनाट्यातील प्रश्न श्रमिकांच्या बाजूने तरी सुटला, असे म्हणवत नाही.

कलापथकाचा इतिहास जुळविणे अवघड का, याचे उत्तर त्याच्या स्वरूपातच आहे. गिरणीच्या दारात वा चाळीच्या पटांगणात झालेल्या खेळाला गल्ल्याची वही नसते. ढोलकीवाला, झीलकरी, सोंगाड्या यांची नावे छापली जात नाहीत. धरपकडीच्या दिवसांत कागद जपण्यापेक्षा नाहीसे करणेच शहाणपणाचे ठरते. मग उरते ते पोलिसांचे दप्तर, आणि त्याला कलेशी कर्तव्य नसते. छापील पुस्तके राहिली म्हणून 'फकिरा'चा लेखक राहिला.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ विपन्नावस्थेत निवर्तले. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्यात दोन मोठे साक्षीदार हरपले. १९५५ साली दहा वर्षांचा असलेला प्रेक्षक आज ऐंशीच्या घरात आहे. मुंबईतील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रक देऊन अशा वृद्धांकडे याच वर्षी धाडावे. प्रयोग कुठे झाला, ढोलकीवर कोण होते, पोलीस आले तेव्हा काय घडले, एवढे तरी विचारून ठेवावे.