स्थविर अनुरुद्ध आणि त्यांचे डोळे

दिव्यचक्षू असलेल्या भिक्खूंमध्ये भगवंतांनी ज्यांना अग्रस्थान दिले, ते स्थविर अनुरुद्ध. शाक्य कुळातले, महानामांचे भाऊ. घरी इतके लाड, की खेळात हरल्यावर त्यांनी आईकडून खाऊ मागवला आणि आईने नाही म्हणून निरोप धाडला, तेव्हा 'नाही' हा कुठला तरी नवाच खाऊ असेल असे त्यांना वाटले! अशा मुलाने घर सोडले. सोबत भद्दिय, आनंद वगैरे शाक्य कुमार आणि उपाली न्हावी. आमच्यातला अहंकार मोडावा म्हणून उपालीला आधी दीक्षा द्या, अशी या कुमारांनीच भगवंतांना विनंती केली. हा प्रसंग आपल्या विहारात सर्वांना तोंडपाठ आहे.

पुढची हकिकत चिनी भाषेत जपलेल्या एकोत्तर आगमात येते. श्रावस्तीच्या जेतवनात धम्मदेसना चालू असताना अनुरुद्धांना डुलकी लागली. भगवंतांनी कानउघाडणी केली. अनुरुद्धांना ते फार लागले आणि यापुढे तथागतांसमोर झोपणार नाही अशी त्यांनी प्रतिज्ञा केली. रात्रीमागून रात्री डोळा मिटला नाही. डोळे बिघडत चालले.

बरेचजण कथा इथेच थांबवतात आणि पोरांना रात्र रात्र जागून अभ्यास करायला सांगतात. आम्हाला हे पटत नाही. कारण ज्यांनी कानउघाडणी केली त्याच भगवंतांनी नंतर, अतिश्रम हेही आळसासारखेच टोक आहे, असे समजावून त्यांना झोपायला सांगितले. जीवक वैद्यांना बोलावले. जीवकांचा सल्ला साधा होता: थोडी झोप घेतली तर डोळे बरे करता येतील. शरीराला जसे अन्न, तसा डोळ्यांना झोप हा आहार, हेही भगवंतांनी सांगितले. अनुरुद्धांनी ऐकले नाही. दृष्टी गेली.

आजचे डॉक्टरही सांगतात, की झोप पुरी नसली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. झोपेत श्वास अडकून ज्यांची झोपमोड होते, त्यांच्यात काचबिंदूही जास्त आढळतो. अशी माणसं दिवसा बसल्या जागी पेंगतात आणि घरचे त्यांना आळशी म्हणतात. रात्रपाळी करणाऱ्या आपल्या वस्तीत हे काही नवीन नाही.

पुढे अनुरुद्ध चीवर शिवायला बसले, तर सुईत दोरा जाईना. कुणी पुण्य जोडू इच्छिणारा ओवून देईल का, असे ते मनाशी म्हणाले. ते जाणून खुद्द भगवंत आले आणि सुई आण, मी ओवून देतो, असे म्हणाले. शास्ता शिष्याच्या सुईत दोरा ओवायला पुढे येतो, हे वाचताना आम्हाला गहिवरून येते.

कुसिनाऱ्याला महापरिनिर्वाणाच्या रात्री रडणाऱ्या भिक्खूंना धीर दिला तो अनुरुद्धांनीच. उरलेली रात्र ते आणि आनंद धम्माविषयी बोलत बसून राहिले.